उलटलेल्या गाई

ज्योत्स्नाचं पत्र गणपतीत आलं होतं. दिवाळी आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र मोठं नव्हतं. वहीचा एक कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. सुरगाण्याच्या डोंगरात तिचा भाऊ हिरामण आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्या घरातून गेल्यावर ती त्याच्याकडे राहत होती. तिथे फोनला रेंज नाही, हे पत्र लिहिण्याचं एक कारण. दुसरं असं की मला फोनवर बोलता येत नाही. समोरचा माणूस दिसत नसला की माझे शब्द अडतात. घरात हे फक्त तिच्या लक्षात आलं होतं.

तिने लिहिलं होतं, 'नाना, वाचनालयातून तुम्ही मला गाईंचं पुस्तक आणून दिलं होतं, त्यात पुन्हा एकदा बघाल का? माज ओळखण्यात माझं चुकलं, वेळ चुकली, की माझा हातच चुकत होता? इथे सगळे म्हणतात विसरून जा. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.'

मी पुस्तक पुन्हा वाचलं. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवावी, म्हणजे गाभण राहते. खनिजं कमी पडली, मुरघासाला, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याला, बुरशी लागली, ऊन बाधलं, अंगावरचं मांस उतरलं, तरी गाय गाभण राहत नाही. कारणं पानोपानी होती. त्यातलं आमच्या गोठ्याला कोणतं लागू पडतं, ते मला ठरवता येईना. माझी सगळी नोकरी निफाडच्या वाचनालयात झाली. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मी सांगू शकतो. आत लिहिलेलं खरं कसं करायचं ते मला कधी जमलं नाही. चारदा मायना लिहिला आणि कागद फाडले.

ज्योत्स्ना ही माझ्या धाकट्या भावाची, खंडेरावची सून, ललितची बायको. गाय माजावर आली की तिला वळूकडे न नेता कृत्रिम रेतनाने भरवायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिने रीतसर शिक्षण घेतलं होतं. वळूचं वीर्य प्लास्टिकच्या बारीक नळीत गोठवलेलं येतं, तिला आमच्याकडे कांडी म्हणतात. या कांड्या दुधाच्या कॅनएवढ्या टाकीत, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. तो इतका थंड की त्याच्यापुढे बर्फसुद्धा गरम म्हणावा. ज्योत्स्नाने टाकीला गोधडीचा अंगरखा शिवला होता, सासूच्या, लंकाबाईच्या जुन्या लाल साडीचा काठ लावून. टाकीला ऊन लागू नये म्हणून, असं ती म्हणायची. मला वाटतं, थोडी मायाही असावी.

मे महिन्यात खंडेरावच्या मुलीचं, निकिताचं लग्न झालं आणि पाऊस सुरू झाला तशा गाई उलटायला लागल्या. म्हणजे भरवूनही गाभण राहीनात, पुन्हा माजावर येऊ लागल्या. आधी आमच्या, मग गावातल्या, जिथे जिथे ज्योत्स्ना गेली होती तिथल्या. लग्नाच्या गडबडीत धावाधाव नको म्हणून तिने कांड्यांचा मोठा साठा आधीच आणून ठेवला होता. ती एकेक कांडी काढून कोमट पाण्यात धरायची, घड्याळ बघायची, सगळं पहिल्यासारखंच करायची, आणि गाय उलटायची.

एके दिवशी गोठ्यात शेण भरताना लंकाबाई म्हणाली, "जिची कूस फळंना, तिच्या हातानं गाय काय फळायची."

ललित आणि ज्योत्स्नाला मूल नाही. ते वाक्य दुधाच्या आधी डेअरीवर पोचलं. लोकांनी शेजारच्या गावच्या चिमाजीला बोलवायला सुरुवात केली, आणि त्याने भरवलेल्या गाई पहिल्याच खेपेला राहिल्या. मग कोणी काही विचारलंच नाही. ज्योत्स्ना नागपंचमीला म्हणून भावाकडे गेली, ती आलीच नाही. ललितही आणायला गेला नाही.

वसुबारसेला निकिता पहिल्या दिवाळसणाला आली, जावई रुद्रला घेऊन.

या दिवशी आमच्याकडे दूध-तूप खात नाहीत, गहू खात नाहीत. त्यामुळे नाशिकच्या जावयाच्या ताटात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी होती. खंडेराव तीन वेळा म्हणाला, "जावईबापू, उद्यापासून गोडधोड. आजचा दिवस काढा."

"मला आवडते गवार," रुद्र म्हणाला. आवडत नसावी. तो भाकरीच्या मोठ्या तुकड्यात ती लपवून खात होता.

लंकाबाई गाय-वासराची पूजा करून आली होती. तिच्या हातावर हळद तशीच होती. "पुढल्या वसुबारसेलाही पुजायला हेच वासरू," ती वाढताना म्हणाली. "तेही आत्ताच एवढं मोठं झालं, का गाईखाली उभं राहीना."

"मुरघास खराब लागला आपल्याला," खंडेराव म्हणाला.

"मग चिमाजीच्या गाई काय श्रीखंड खात्यात?"

"यंदा ऊन फार होतं," रुद्र अदबीने म्हणाला. "मी वाचलंय, हीट स्ट्रेसमुळे पण होतं."

"ऊन समद्या गावाला होतं, बापू."

ललित खाली मान घालून जेवत होता. त्याला गवार मनापासून आवडते. त्या दिवशी त्याने भाजीला हात लावला नव्हता. हे मला नंतर आठवलं. खरंच तेव्हा दिसलं होतं की नंतर मी मनानेच जोडलं, सांगता येत नाही.

खंडेरावने ताटात पाणी सोडलं. "चिमाजीला निरोप दिलाय. उद्या टाकी घेऊन जाईल. आतल्या कांड्यांसकट."

"वहिनीची टाकी?" निकिताने विचारलं.

"घरात पडून काय करती?"

"वहिनी आल्यावर काय वापरेल?"

मग लंकाबाई म्हणाली, "भाऊबीज झाली का हिरामणला निरोप जाईल. तुमची बहीण तुमच्याकडं सुखात असू द्या. ललितचं आम्ही बघू."

आता मला कळलं की हे आधी ठरलं होतं. मुरघासावरून वाद घातला तरी इथे खंडेराव आणि लंकाबाई एक होती. टाकी गेली की ज्योत्स्नाला या घरात परत यायला कारण उरणार नव्हतं, आणि गावात तिच्यावर बसलेला शिक्का कायमचा राहणार होता. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. "अजून एकदा तपासून..." एवढंच म्हणालो. "नाना, पाणी देऊ?" लंकाबाईने विचारलं, आणि मी पाणी घेतलं.

जेवणं झाल्यावर निकिताने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. लग्नाचा व्हिडिओ फोटोवाल्याने इतक्या महिन्यांनी दिला होता. मला वाटतं, टाकीचा विषय बदलावा एवढाच तिचा हेतू होता. रुद्रने तो टीव्हीला लावला. आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत बसलो. कोपऱ्यात, नेहमीच्या पाटावर, गोधडीचा अंगरखा घातलेली टाकी होती.

हळद झाली, वरात झाली, मंडपावरून उडणाऱ्या कॅमेऱ्याने द्राक्षबागा दाखवल्या. मग निकिताची एंट्री आली. पायऱ्यांवरून पांढरा धूर उतरत होता, कमरेपर्यंत, दाट. निकिता ढगातून चालत आल्यासारखी दिसत होती.

"हे बघा," खंडेराव पुढे सरकला. "व्याही बघतच राहिले होते. आठवतं ना, बापू?"

"आमच्याकडचे सगळे विचारत होते, मशीन कुठून आणलं," रुद्र म्हणाला. "आमच्या रिसेप्शनला एवढा धूर झालाच नाही."

खंडेराव सुखावला. हौस त्याचीच होती. नाशिकच्या सोयऱ्यांपुढे आपण कमी दिसायला नको, हे त्याने साखरपुड्यापासून मनात धरलं होतं.

कॅमेरा निकिताच्या मागून फिरला, स्टेजच्या बाजूला गेला. तिथे गरम पाण्याचे टब मांडले होते, आणि कोणीतरी वाकून टबात काहीतरी ओतत होतं. ओतलं की धुराचा लोट उठत होता. ओतणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. हातातली वस्तू दिसली.

लंकाबाईने सर्वांत आधी ओळखलं. तिचं लग्न झालं तेव्हाची ती साडी होती, काठ तिने स्वतः फाडून ज्योत्स्नाला दिला होता.

"माझ्या साडीचा काठ," ती म्हणाली.

रुद्रने चटकन चित्र थांबवलं. त्याला काही कळलं नव्हतं, पण खोलीत काहीतरी झालं हे कळलं असावं. टीव्हीवर धूर तसाच थांबला. आम्ही सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग कोपऱ्यात, मग पुन्हा टीव्हीकडे. तोच लाल काठ.

"दादा," निकिता म्हणाली. "ही वहिनीची टाकी आहे."

ललित टीव्हीपासून मागे सरकला.

"दादा, टाकी ओतताना आतल्या कांड्या कुठे होत्या?"

याचं उत्तर त्याला द्यावं लागलं नाही. रुद्रच्या बोटाने की आणखी कशाने, व्हिडिओ पुढे सुरू झाला. जेवणाच्या पंगती. मठ्ठा. मग आइस्क्रीमची पेटी, आणि पेटीपाशी फेटा बांधलेला खंडेराव, व्याह्यांना स्वतःच्या हाताने आइस्क्रीम देणारा. त्याने झाकण उचललं. आत कपांच्या मधोमध लांब दांड्यांचे धातूचे डबे उभे होते. कांड्या याच डब्यांत घालून टाकीत सोडतात. खंडेरावने ते एका हाताने बाजूला सारले, हसत हसत, आणि खालचे कप काढले. झाकण उघडंच राहिलं.

आता खोलीत बसलेला खंडेराव स्वतःच्या त्या हाताकडे बघत होता.

"नाना," निकिता माझ्याकडे वळली. "तुम्ही वाचलंय ना सगळं? आइस्क्रीमच्या पेटीत कांड्या जगतात?"

आयुष्यात मला फार थोड्या प्रश्नांची उत्तरं खात्रीने ठाऊक होती. हे त्यातलं एक होतं.

"नाही," मी म्हणालो. "काही मिनिटांत आतलं मरतं. पेटी कितीही गार असली तरी कांडीला ती भट्टीच."

"आणि नंतर परत टाकीत टाकल्या तर?"

"परत गोठतात. बाहेरून पहिल्यासारख्याच दिसतात. हातात घेणाऱ्याला कळायचं काही कारण नाही."

"म्हणजे वहिनी जाईपर्यंत मेलेल्या कांड्या भरत होती."

ललित उठून खिडकीशी गेला. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. काय घडलं होतं ते त्याने मला त्याच रात्री उशिरा सांगितलं, ते इथेच लिहितो.

धुराचं मशीन ऐन वेळी बंद पडलं होतं. खंडेराव स्टेजमागे आला आणि म्हणाला, काय पण कर, पण धूर काढ, समोर व्याही बसलेत. ललितने एका लग्नात नायट्रोजनचा धूर पाहिला होता. मोटारसायकलवर जाऊन तो टाकी घेऊन आला. ज्योत्स्ना तेव्हा निकिताला नेसवत होती; तिला विचारायला जाण्याइतका वेळ नव्हता. डबे काढल्याशिवाय टाकी ओतता येईना, म्हणून ते आइस्क्रीमच्या पेटीत ठेवले. आइस्क्रीम दगडासारखं होतं, कांड्याही दगडासारख्या राहतील असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी नायट्रोजनची गाडी आली, त्याने टाकी भरून घेतली आणि डबे आत सोडले. ज्योत्स्नाने काठी घालून बघितलं, टाकी भरलेली होती.

पहिली गाय उलटली तेव्हा त्याला काही आठवलं नाही. आषाढात आठवलं. त्याने मोबाइलवर वाचलं आणि फोन पालथा ठेवला. त्याच दिवशी लंकाबाई गोठ्यात ते वाक्य बोलली होती. संध्याकाळी सांगू, मग उद्या सांगू, मग पोळ्यानंतर. एकदा तो सुरगाण्याच्या जीपमध्ये बसलाही होता. पेठच्या अलीकडे उतरला आणि परत आला.

त्या संध्याकाळी खिडकीशी उभा राहून तो एवढंच म्हणाला, "मला माहीत होतं."

"कधीपासून?" निकिताने विचारलं.

"ती जायच्या आधीपासून."

लंकाबाईने पदर तोंडाला लावला. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती ललितकडे अशी बघत होती, जणू हा कोणाचा मुलगा ते आठवत असावी.

"मी आत्ता जातो," ललित म्हणाला. "रात्रीत पोचेन. पाया पडेन तिच्या."

"कुठं जाऊ नको," खंडेराव म्हणाला. त्याचा आवाज खरखरीत झाला होता. "आधी डोकं ठिकाणावर ठेवा समदे. गावातल्या किती जणांच्या गाई भाकड बसल्या, माहीत हे का? उद्या डेअरीवर कळलं तर दारात उभे राहत्याल. डेअरीच्या चेअरमनचं घर हे. दिवाळी होऊ द्या. मग ज्योत्स्नाला गपचूप घेऊन या. झालं गेलं."

"गपचूप का?" निकिता म्हणाली. "तिला घालवलं तेव्हा गाजावाजा झाला होता."

"तुझ्याच लग्नासाठी झालं हे."

"मी धूर मागितला नव्हता, पप्पा."

रुद्र उठायला लागला. "मी जरा बाहेर..."

"बसा," लंकाबाई म्हणाली. जावयाशी ती कधी अशा आवाजात बोलली नव्हती. "तुम्ही घरचे. बसा."

मग ती उठली, कोपऱ्यात गेली आणि टाकीवरचा अंगरखा काढला. काठावरून हात फिरवला. तिच्या हळदीचा पिवळा डाग त्यावर उमटला. तिने अंगरखा घडी घालून मांडीवर घेतला आणि खालीच बसली. ती बोलेपर्यंत टीव्हीवर लोक आइस्क्रीम खात होते.

"मी बोलले ते तिनं ऐकलं होतं," ती म्हणाली. "ती पलीकडं धार काढीत होती. मला दिसत होती. ऐकावं म्हणूनच बोलले."

तिने मांडीवरची घडी पुन्हा सारखी केली.

"नाना."

मी दचकलो.

"तिचं पत्र आलतं ना तुम्हाला? पोस्टमन म्हणला होता. तुम्ही उत्तर दिलं?"

"नाही."

"का?"

"मला उत्तर माहीत नव्हतं."

"आता हे. लिहा. माझं नाव घाला त्यात. काय बोलले ते पण घाला."

"अगं, पत्र कशाला," ललित म्हणाला. "मी जातोच आहे ना, आई."

लंकाबाईने मान हलवली. "तू नको. तू दारात उभा राहिलास का ती तुझ्याकडं बघंल आन् माफ करून टाकील. तशीच हे ती. तिला आधी एकटीला वाचू दे. वाचून झाल्यावर यावं वाटलं तर येईल. नाही वाटलं तर तेही तिचं."

आयुष्यभर नवऱ्याच्या बाजूने बोललेली ही बाई. खंडेरावने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला गेला आणि खाली ठेवलेला रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

पत्र मी सकाळी लिहिलं. निकिताने मला दारात येऊन दोनदा विचारलं, झालं का. झालं नव्हतं. पुस्तकी शब्द येत होते, ते खोडत होतो. शेवटी जे उरलं ते हे:

'चि. सौ. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद. तुझा हात चुकला नव्हता. माज बरोबर ओळखलास, वेळ बरोबर होती. कांड्या मेलेल्या होत्या. निकिताच्या लग्नात धुरासाठी ललितने टाकी ओतली आणि कांड्या आइस्क्रीमच्या पेटीत ठेवल्या. धूर काढायला खंडेरावने सांगितलं होतं. ललितला हे तू जायच्या आधी कळलं होतं. त्याने सांगितलं नाही. तुझ्या सासूबाईंनी गोठ्यात जे म्हटलं ते त्या परत घेतात. खाली त्यांची सही आहे. तू यावंस असं मी लिहीत नाही, तो निर्णय तुझा. टाकी चिमाजीला दिलेली नाही. तुझा, नाना.'

लंकाबाईने सही केली. तिला नाव लिहिता येतं, पण वेळ लागतो. 'लं'वरचा अनुस्वार तिने सर्वांत शेवटी दिला, पेन दाबून, कागदाला भोक पडेल इतकं. ललितने पत्र वाचलं. स्वतःच्या नावाशी थांबला. परत दिलं तेव्हा म्हणाला, "खोडू नका."

चिमाजी टाकी न्यायला आला तेव्हा निकिताने त्याला दारातूनच परत पाठवलं. "वहिनीला विचारल्याशिवाय नाही," ती म्हणाली. तो हसला आणि विचारू लागला, कोणत्या वहिनीला. तिने नाव सांगितलं, मोठ्याने, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं.

पोस्टाची पेटी ग्रामपंचायतीच्या भिंतीला आहे. मी पाकीट घेऊन चालत निघालो. वाटेत मागून मोटारसायकल आली. खंडेराव होता, दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना. त्याने गाडी थांबवली, बंद केली नाही.

"माझं नाव हे त्यात?" त्याने विचारलं.

"आहे."

तो माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून त्याने ठरवलं आणि मी मान हलवली. मी वाट बघत होतो की तो हात पुढे करील आणि पाकीट मागेल. मागितलं असतं तर मी दिलं असतं का, हे मी अजून स्वतःला विचारतो.

त्याने पाकिटाकडे पाहिलं. "तिकीट नीट चिकटवलंय ना? डोंगरात जायचंय. ओलं होतं."

"चिकटवलंय."

"हिरामणचा पत्ता बरोबर लिहिलाय?"

"हो."

तो गेला. गाडी डेअरीच्या रस्त्याला वळली. रोज तो दूध घालायलाच जातो, त्यामुळे आज तिथे उभं राहून काही सांगणार होता की नुसतं माप करून परत येणार होता, मला माहीत नव्हतं. पण दुसऱ्या कॅनवर, दोरीखाली, लाल काठाचा अंगरखा बांधलेला मला दिसला. घडलेलं सांगण्याखेरीज गोधडीच्या त्या घडीचं डेअरीवर दुसरं काय काम असणार.

मी पेटीशी आलो. पाकीट फटीत घातलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग सोडलं. पेटी रिकामी असावी. तळाच्या पत्र्यावर ते पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.